सप्टेंबरअखेरचा पट

भीती मला पहिल्यांदा वाटली ती एका जिन्यात. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं, घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. मतदार यादीचं काम शिक्षकांच्या गळ्यात असतं, ते करत मी पाथर्डी फाट्याजवळच्या एका नव्या इमारतीत शिरले होते. चार मजले, मजल्यावर चार दारं. सोळापैकी नऊ दारांना कुलूप. शेजारच्या बाई सांगायच्या, "ते मुंबईला असतात. दिवाळीत येऊन झाडून जातात," किंवा, "हा फ्लॅट नुसता घेऊन ठेवलाय." जी सात दारं उघडली त्यातल्या पाचांमधून म्हातारी जोडपी बाहेर आली. मुलं पुण्याला, एक अमेरिकेत. उरलेल्या दोन घरांत मिळून दोन मुलं होती आणि दोघांच्याही गळ्यात इंग्रजी शाळेचे टाय होते.

मी कागद आवरले आणि कठडा धरून खाली उतरले. ही इमारत ज्या जागेवर उभी होती तिथे पूर्वी चार रो-हाउस होती. त्या चार घरांतून मी अकरा मुलं शिकवली होती.

मी या शाळेत लागले ते त्र्याण्णव साली. पहिली ते चौथी, अनुदानित मराठी शाळा. अंबडच्या कारखान्यांत लागलेल्या लोकांनी आजूबाजूला रो-हाउस घेतली होती. त्यांच्या पलीकडे मळे होते, फ्लॉवर, कोबी आणि झेंडूचे. कामगारांची मुलं आणि मळेवाल्यांची मुलं एकाच बाकावर बसायची. बाकं पुरायची नाहीत म्हणून पहिल्या रांगेला सतरंजीवर बसवायचो. जूनमध्ये प्रवेशासाठी लोक मागे लागायचे आणि आमच्या तेव्हाच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पुढच्या दाराने येणं टाळायच्या. आम्हीही तिथेच रो-हाउस घेतलं, शाळेपासून पाच मिनिटांवर. मला वाटलं, आता निवृत्तीपर्यंत चप्पल झिजण्यापलीकडे काही होत नाही.

मग कामगार निवृत्त झाले. काही कारखाने बंद पडले. ज्यांची मुलं पुण्याला गेली ते घर विकून गावाला गेले. शेजारी शेजारी असलेली घरं एकाच बिल्डरने घेतली आणि पाडली. मळेवाल्यांनी मळे विकले. भाव वाढले तसे मुलंबाळं असलेले तरुण लोक लांब जागा बघायला लागले आणि जवळच्या जागा ज्यांना राहायची घाई नव्हती त्यांच्याकडे गेल्या. वस्ती वाढली, दिवे वाढले, रस्ता रुंद झाला आणि आमच्या वर्गातली पोरं कमी झाली. हे मला पेपरमधून कळलं नाही. हजेरीपटावरून कळलं. आधी पहिलीची ब तुकडी बंद झाली, पुढच्या वर्षी दुसरीची.

तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. अतिरिक्त म्हणजे नोकरी जात नाही, पण जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे जावं लागतं. सेवाज्येष्ठतेच्या यादीत जो शेवटचा, तो जातो. माझ्यानंतर लागलेल्या दोघी अशा गेल्या. एक कळवणच्या पुढे. ती पहिल्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा तिच्या गालांची हाडं दिसत होती. मुलं सासूकडे ठेवून ती तिथे खोली घेऊन राहायची. "सवय होते," ती म्हणाली आणि चहा न पिता उठली. त्या दोघी गेल्यावर यादीत शेवटचं नाव माझं राहिलं.

माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू गेली होती. जीभ मात्र शाबूत होती. दर तीन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या वयात जखम भरत नाही, असं डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि ते पुरेसं होतं. नवरा कारखान्यात तीन पाळ्यांत. मी सकाळी वळवायचे, मधल्या सुट्टीत धावत येऊन वळवायचे, शाळा सुटल्यावर वळवायचे. पाच मिनिटांवरची शाळा होती म्हणून जमत होतं. कळवणहून मधल्या सुट्टीत येता येत नाही.

सासूबाईंना हे सगळं ठाऊक होतं. मी दारात आले की पहिला प्रश्न, "किती आली गं आज?"

"अठ्ठावीस."

"काल एकोणतीस होती."

"एकाला ताप आहे, आई."

"बघ बाई. त्याला गोळी नेऊन दे."

त्या गमतीने म्हणायच्या, पण मला हसू यायचं नाही. मी खरंच गोळी नेऊन दिली होती.

त्या दोघी बदलून गेल्या त्याच्या पुढच्या मार्चमध्ये नव्या मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, सरळ बोलणाऱ्या. "सप्टेंबरअखेरचा पट मोजून पुढच्या वर्षीची पदं ठरतात हे तुम्हाला सांगायला नको. या वर्षी पहिलीला पंधरा-सोळा नवीन मुलं आली नाहीत तर एक पद जाईल."

"म्हणजे मी."

"म्हणजे यादीतलं शेवटचं नाव," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मे महिन्यात शिक्षक दारोदार फिरून मुलं मिळवतात हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. पिशवीत प्रवेशाचे फॉर्म, पाण्याची बाटली आणि डोक्यावर पदर. आपण काय काय देऊ ते सांगायचं. दप्तर देऊ, वह्या देऊ, खिचडी मिळते, सेमी इंग्रजी सुरू करतोय. विक्रेत्यांना जसं वागवतात तसंच आम्हाला वागवत. इमारतींना आता वॉचमन आले होते. एकाने मला वहीत नाव, वेळ आणि "काम" लिहायला लावलं. कामाच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. मी "भेट" लिहिलं.

तिथे तिसऱ्या मजल्यावर माझीच एक जुनी विद्यार्थिनी राहायची. मळेवाल्यांची मुलगी. बापाने मळा विकला त्या बदल्यात त्याच जागेवरच्या इमारतीत दोन फ्लॅट मिळाले, त्यातला एक हिचा. पाच वर्षांचा मुलगा होता. तिने मला सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं, पायाही पडली.

"बाई, तुम्ही शिकवलेले पाढे मला अजून पाठ आहेत."

"मग पोराला पाठव."

तिने मान खाली घातली. "ह्यांचं म्हणणं आहे की इंग्रजीच. आजकाल बाई..."

"मराठीतून शिकून तुझं काही अडलं?"

"नाही अडलं." मग ती अगदी आदराने म्हणाली, "बाई, तुमची मुलगी कुठल्या शाळेत होती?"

माझी मुलगी पहिलीपासून इंग्रजी शाळेत होती. तिला सोडायला जाणारी रिक्षा आमच्या शाळेवरूनच जायची. मी सरबत संपवलं आणि फॉर्म पिशवीत परत ठेवला. तिने तो मागितलाही नव्हता.

मे संपेपर्यंत माझ्याकडे चार फॉर्म भरलेले होते.

शाळेच्या मागच्या अंगाला पूर्वी द्राक्षाचा बाग होता. तिथे आता सात मजल्यांची मोठी स्कीम चालू झाली होती. कडेला पत्र्याच्या पंचवीस-तीस खोल्या, त्यात बांधकामावरची माणसं. मी वर्षभर तिथून जात होते आणि नाकाला पदर लावून जात होते. तिथे पोरं आहेत हे मला दिसत होतं. ती आपल्या पटावर येऊ शकतात हे मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत डोक्यात आलं नाही. सगळी वणवण इमारतींच्या आत केली आणि पोरं इमारतींच्या बाहेर होती.

मी गेले तेव्हा बायकांना वाटलं, पाण्याचा नळ तोडायला कोणी आलंय. एकीने घाईने पाइप झाकला. ती सुरगाण्याकडची होती, साधारण तिशीची, तिथल्या बायकांत तिचा शब्द चाले. मी शाळेतून आले म्हटल्यावर ती बसली.

"पोरगी शाळंत गेली तं बारक्याला कोण बघंल?"

"किती मोठा आहे बारका?"

"धा महिन्याचा."

"दुपारी खिचडी मिळते तिथे."

"बारक्यालाबी?"

मी विचार केला. "बारक्यालाही."

"मंग नेवा."

जन्माचे दाखले कोणाकडेच नव्हते. त्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. मुलाला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावायचा. बोटं डाव्या कानाला पोचली की सहा वर्षं पूर्ण, आणि जन्मतारीख एक जून लिहायची. त्या दुपारी पत्र्याच्या सावलीत पोरं ओळीने उभी राहिली आणि कान पकडायला लागली. ज्याचा पोचेना तो मान वाकडी करायचा आणि बाकीचे ओरडायचे, "लबाडी करतोय बाई." मी मान वाकडी केलेलेही दोन घेतले. सतरा नावं झाली. सतराही जण एक जूनला जन्मले. त्या बाईची मुलगी आठ वर्षांची निघाली, तिला दुसरीत घेतलं; पहिली आणि दुसरी आता माझ्याकडे एकत्रच बसायची.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बिल्डिंग पुरी झाली की जातील की गं ती."

तेच मला वाटेत सुचलं होतं आणि मी ते मनात येऊ दिलं नव्हतं. इमारत अजून तिसऱ्या मजल्यावर होती. त्या दिवसापासून मी रोज सकाळी शाळेत जाताना वर बघून मजले मोजायला लागले. पावसाने काम थांबलं की बरं वाटायचं. मोठ्या रस्त्यावर स्कीमची जाहिरात लागली होती, बुकिंग चालू. तिथल्या ऑफिसात गिऱ्हाईक दिसलं की ते बाहेर पडेपर्यंत मी कोपऱ्यावर थांबायचे. फ्लॅट विकले जाऊ नयेत, काम रेंगाळावं, सप्टेंबर संपेपर्यंत तरी रेंगाळावं, असं मी कोणाला न सांगता रोज म्हणत होते. पाचवा मजला ऑगस्टमध्ये झाला.

आणि ऑगस्टमध्येच ती माझी विद्यार्थिनी घरी आली. तिच्या इमारतीच्या सोसायटीची आता ती सेक्रेटरी झाली होती.

"बाई, एक अर्ज लिहून हवाय. महापालिकेला. आमच्यात कोणाला सरकारी मराठी धड लिहिता येत नाही."

अर्ज त्या पत्र्याच्या खोल्यांबद्दल होता. त्या हलवाव्यात. तिथली माणसं सोसायटीच्या टाकीतून पाणी नेतात, मोकळ्या प्लॉटवर शौचाला बसतात, वास येतो, चोऱ्या होतात. चोऱ्यांचं मला माहीत नाही, बाकीचं खरं होतं. मी स्वतः नाक झाकून जात होतेच.

तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बैठक होती, तिथे मला नेलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वीसेक माणसं होती. निवृत्त बँकवाले, एक डॉक्टर, जळगावकडचे दोघे व्यापारी, मुंबईहून येऊन-जाऊन राहणारे काही.

"कुठून कुठून येतात हो ही माणसं," एक गृहस्थ म्हणाले. ते स्वतः दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीहून आले होते. त्या अख्ख्या पार्किंगमध्ये माझी विद्यार्थिनी आणि मी सोडलो तर बहुतेक सगळे लांबून आलेले होते. सुरगाण्याच्या बायका जिल्ह्यातल्याच होत्या.

हे मी बोलले नाही. बोलले असते तर कोणीतरी विचारलं असतं, बाई तुमचं काय त्यात. आणि माझं काय ते पटावर लिहिलेलं होतं. मी मान डोलावत मुद्दे टिपून घेतले. डॉक्टर म्हणाले, "बाईंचं अक्षर बघा, छापल्यासारखं." सगळ्यांनी कोऱ्या कागदावर खाली सह्या केल्या आणि वर मी मजकूर भरून महापालिकेत द्यायचा असं ठरलं.

मी मजकूर त्याच दिवशी लिहिला. चांगला लिहिला. आणि शाळेच्या कपाटात जुन्या नोंदवह्यांच्या खाली ठेवला. तिने विचारलं की सांगायचे, "महापालिकेतला आवक-जावक कारकून रजेवर आहे," किंवा, "एक सही राहिलीय." दर वेळी वेगळं कारण सांगत होते आणि कोणतं कधी सांगितलं हे विसरेन म्हणून धसका घेत होते.

सप्टेंबर संपायला चार दिवस राहिले असताना दुपारी फोन आला. तपासणीचे साहेब उद्या येणार. मोठ्या बाईंनी मला खिडकीतून खूण केली. मी शाळा सुटल्या सुटल्या बांधकामावर गेले.

सुरगाण्याची बाई विटांवर बसून भाकरी खात होती. "उद्या नाय जमायचं. उद्या स्लॅब हाय."

स्लॅबच्या दिवशी सगळ्या बायका सकाळपासून घमेली वाहतात, काँक्रीट एका दमात टाकावं लागतं. त्या दिवशी तान्ही पोरं थोरल्या पोरींकडे. थोरल्या पोरी म्हणजे माझा पट.

"तान्ही पोरं शाळेत आणा," मी म्हटलं.

"सगळी?"

"किती आहेत?"

तिने बोटांवर मोजली. "सहा. एक लय रडकं हाय."

"रडकंही आणा."

"बाई, तुमची नोकरी जाती का काय?"

मी हो म्हटलं. आमच्या शिक्षकांतही मी हे कधी कोणाला सरळ सांगितलं नव्हतं.

"सांगायचं ना मंग," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी सतराच्या सतरा आली, कडेवर सहा. खिचडीच्या तांदळाची पोती ठेवतो त्या खोलीत आम्ही जुने नकाशे अंथरले आणि सहाही जणांना त्यावर टाकलं. शिपाईबाईंना आत बसवून दार ओढून घेतलं. साहेब साडेदहाला आले. वर्गात उभं राहून त्यांनी डोकी मोजली, हजेरीपटाशी ताडून पाहिली. पेन्सिलीने एकेका नावावर टिंब देत होते. मी ती टिंबं मोजत होते, त्यामुळे ते मला काहीतरी विचारत आहेत हे दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं.

"सगळ्यांचा जन्म एक जूनचा?"

"दाखले नव्हते साहेब."

तेवढ्यात आतून ते रडकं सुरू झालं. एकाचं ऐकून बाकीची.

साहेब उठले आणि स्वतः जाऊन दार उघडलं. तांदळाच्या पोत्यांमध्ये नकाशांवर सहा पोरं हातपाय हलवत होती. शिपाईबाई कोपऱ्यात दोन्ही हातांत दोन खुळखुळे घेऊन पाषाणासारख्या बसल्या होत्या.

"यांची नावं पटावर नाहीत ना?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "अजून हात कानाला पोचत नाही."

साहेबांच्या मिशा थोड्या हलल्या. त्यांनी दार लोटलं, टेबलाशी येऊन सही केली आणि गेले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. पद राहिलं. सासूबाईंनी संध्याकाळी विचारलं, "किती आली?" मी म्हटलं, "सगळी." त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मी तो अर्ज कपाटातून काढून माझ्या विद्यार्थिनीला दिला. आता तो ठेवून घ्यायचं मला कारण नव्हतं. असं करताना मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं. तिने तारीख बघितली.

"बाई, हा तुम्ही दाबून ठेवला होता ना?"

"हो."

"का?"

"माझी पोरं तिथली आहेत."

"शाळेतली?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. पण अर्ज तिने नेलाच आणि त्याची दखलही घेतली गेली. ठेकेदाराला नोटीस मिळाली. दिवाळीला माणसं गावी गेली आणि परत आली तेव्हा खोल्यांचे पत्रे काढलेले होते. टोळी पिंपळगावला गेली, तिथे कोल्ड स्टोरेजचं काम होतं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर माझ्या वर्गात सतरा जागा रिकाम्या होत्या.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हजेरी लावत राहा. मार्चपर्यंत. कोणी परत पाहायला आलं तर मधेच एवढी नावं कमी झालेली दिसायला नकोत."

मी लावत राहिले. रोज सकाळी रिकाम्या जागांपुढे 'ह'. मी ती सतरा आधी भरून टाकायचे, मग खरी. पूर्वी मला बदलीची भीती होती. आता फसवणुकीत सापडण्याची होती आणि ही जास्त वाईट होती, कारण हिच्यात माझं अक्षर होतं. रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला की मी फळ्याकडे वळायचे, म्हणजे मुलांना तोंड दिसू नये. शाळेच्या रस्त्याला तेव्हा दिवसाला किती जीप येतात ते मला कळलं.

जानेवारीत एका दुपारी ती सुरगाण्याची बाई व्हरांड्यात उभी दिसली. शेजारी मुलगी, कडेवर बारका. पिंपळगावहून टेंपोत बसून आली होती.

"तिथल्या शाळंत घेईनात. म्हणत्यात, आधीच्या शाळंचा दाखला आणा. पोरगी माघं लागलीय."

मी तिला बसायला सांगितलं आणि दाखल्यांचं पुस्तक काढलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता हे लिहून झालं. पुढचा रकाना शाळा सोडल्याच्या तारखेचा. तिथे पेन थांबलं. मुलगी नोव्हेंबरपासून शाळेत नव्हती. माझ्या हजेरीपटावर ती कालही हजर होती. आजही होती, सकाळी मीच लावली होती.

आजची तारीख लिहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण पिंपळगावच्या शाळेने त्या मुलीला तिथे दोन महिने पाहिलेलं होतं. दाखला वाचणारा माणूस वेडा नसतो. एखाद्याने एक पत्र टाकलं असतं तरी पुरे होतं. आणि दाखला दिलाच नाही तर मुलगी घरी बसणार होती. मला तिचा फार कळवळा आला असं नाही. पण मी चौदा वर्षं जे काम करते त्यात हे बसत नव्हतं, आणि दोन महिने मी झोपले नव्हते.

"तुम्ही नेमक्या कधी गेलात इथून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदल्या हप्त्यात."

मी ती तारीख लिहिली. मग हजेरीपट उघडला, लाल पेन घेतलं आणि सतरा नावांपुढे दिवाळीनंतरचे सगळे 'ह' खोडून 'सतत गैरहजर' लिहिलं. ती बाई आणि मुलगी समोर बसून बघत होत्या. मुलीने आपलं नाव ओळखलं आणि वाचलंही, बोट ठेवून.

मोठ्या बाईंपुढे मी दाखला आणि हजेरीपट दोन्ही ठेवलं. त्यांनी पानं उलटली. लाल रेघा बघितल्या.

"हे तुम्हाला लपवता येणार नाही. वार्षिक माहितीत जाईल. पद जाईल."

"माहीत आहे."

"सासूबाईंचं काय करणार?"

"माहीत नाही."

त्यांनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली. मग हजेरीपटावर प्रत्येक पानाखाली सही करत गेल्या. त्यांचीही मान अडकत होती, ते मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

संध्याकाळी घरी सांगितलं. सासूबाई नेहमीप्रमाणे काहीतरी खोचक बोलतील असं मला वाटलं होतं. त्या छताकडे बघत होत्या.

"मग मला कोण वळवणार?" त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघी घाबरलो होतो आणि त्या खोलीत ज्याच्यापासून ते लपवावं असं कोणी नव्हतं.

मग रविवार आला. नवरा घरी होता. मी त्याला चादर दुहेरी करून सासूबाईंच्या पाठीखाली कशी सरकवायची, एक टोक कसं ओढायचं आणि दुसरा हात खांद्याला कसा लावायचा ते दाखवलं. पहिल्या वेळी त्याने त्यांना भिंतीवरच नेऊन आपटलं.

"मारतोस का रे," सासूबाई म्हणाल्या.

"परत कर," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी चादर निसटली. तिसऱ्या वेळी त्या बऱ्यापैकी कुशीवर आल्या, पण डावा हात खाली अडकून राहिला आणि त्यांना तो अडकलेला कळतही नव्हता. तो हात मी काढून दाखवला. नवरा पुन्हा घामाघूम होऊन वाकला. माझी बदली होणार त्या जूनपर्यंत पाच महिने होते. मी खुर्ची ओढून बाजूला बसले आणि हात न लावता बघत राहिले.